तळव्याखालचा रस्ता

"ओ भाऊ, चप्पल राह्यली तुमची," मागून कोणीतरी म्हणालं. रूपराव तेव्हा आर्वीच्या एसटी डेपोच्या फाटकापुढून चालला होता. ते आपल्यालाच म्हटलं असेल असं त्याला वाटलं नाही, म्हणून तो चालत राहिला. मग फाटकाजवळ पेरू विकायला बसणारी बाई उठून त्याच्यामागं आली. तिच्या हातात त्याची डावी चप्पल होती. त्यानं खाली पाहिलं. डावा पाय उघडा होता, धुळीनं घोट्यापर्यंत माखलेला. चप्पल पलीकडच्या पानठेल्याजवळच सुटली असणार. तिथून इथपर्यंत नवी खडी पसरली होती, त्या खडीवरून तो चालत आला होता, आणि पायानं त्याला काहीच सांगितलं नव्हतं. बाईनं चप्पल त्याच्यापुढं ठेवली आणि त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. सकाळीच पिऊन आलेला दिसतो, असं तिला वाटलं असावं. त्यालाही तिला खरं काय ते सांगावंसं वाटलं नाही. त्यानं पाय पुढं केला. तो चपलेत गेला की नाही हे त्याला वाकून, डोळ्यांनी पाहून ठरवावं लागलं.

घरी आल्यावर लीलानं, त्याच्या बायकोनं, पाय धुवायला पाणी दिलं आणि तळवा पाहून तीच ओरडता ओरडता राहिली. टाचेच्या पुढं बाभळीचा काटा होता, पार आत गेलेला. ती सुई घेऊन उंबऱ्यात बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला. "दुखलं नाई तुमाले?" तिनं विचारलं. "नाई," तो म्हणाला. तिनं सुईनं कातडी उकरली, काटा चिमटीत धरून ओढला, मागून थोडं रक्त आलं. तो ते सगळं पाहत होता. दुसऱ्या कोणाच्या पायाचं काम चाललं आहे आणि आपण तिथं सहज येऊन बसलो आहोत, इतपतच त्याचा संबंध होता. लीलानं हळद भरली. मग पाय तसाच मांडीवर ठेवून ती थोडा वेळ बसून राहिली, आणि तिचा हात आपल्या तळव्यावर आहे हेही त्याला पाहूनच कळलं.

डॉक्टरीणबाईंनी हे आधी सांगितलं होतं. हातापायांना मुंग्या येतील, बधिरपणा येईल, औषधाचा गुण आहे. त्या वेळी रूपरावनं मान हलवली होती. दिवाळीच्या आधी दाढी करताना मानेत गाठ हाताला लागली, मग दुसरी काखेत, मग वर्ध्याचा मोठा दवाखाना, तुकडा काढून तपासणी, आणि गाठींचा कॅन्सर हे नाव. ते नाव ऐकलं तेव्हा लीलानं टेबलाची कड धरली होती. रूपरावच्या मनात आलं की आता पुलगावच्या गाडीवर आपल्याऐवजी कोणत्या ड्रायव्हरला पाठवतील. एवढंच आलं. नंतर त्यानं पुष्कळदा स्वतःला चाचपून पाहिलं. भीती कुठं आहे, दुःख कुठं आहे. काहीच हाताला लागेना. आधी तो आत बधिर झाला आणि औषधानं तो बधिरपणा नंतर बोटांपर्यंत पोहोचवला, असं त्याला वाटायचं. तीन आठवड्यांनी एकदा ते दोघं वर्ध्याला जात, तिथंच नालवाडीत दिलेल्या मुलीकडं, मोहिनीकडं, मुक्काम करत, दवाखान्यात सलाईनमधून लाल औषध अंगात जाई, आणि पांढऱ्या गोळ्यांची पुडी घेऊन ते परत येत. केस गेले. जिभेची चव गेली. हे जाणं तो पाहत होता. पण झोप गेली तेव्हा मात्र तो गोंधळला, कारण झोप ही आपल्याकडून कोणी घेऊ शकेल अशी वस्तू आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तो कुठंही झोपायचा. वीसेक वर्षांच्या ड्रायव्हरकीत मुक्कामी गाडीवर तर तो राजा असायचा. गाव कोणतंही असो, गाडी मारुतीच्या पारासमोर उभी करायची, भाकरी खायची, मागच्या लांब सीटवर टॉवेल अंथरायचा आणि संपलं. भजनाचा भोंगा वाजत असो, कुत्री भांडत असोत, डास असोत. त्याचा कंडक्टर चंद्रभान पुढच्या सीटवर कूस बदलत पडायचा आणि पहाटे चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगायचा, "भाऊ डोये मिटले का मेले." हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. आता भेटायला आला की खुर्चीच्या टोकावर बसायचा, डेपोतल्या गोष्टी सांगायचा, आणि तो शब्द कुठं वाटेत येऊ नये म्हणून सांभाळून बोलायचा. निघताना म्हणायचा, आराम करा भाऊ. सगळेच म्हणायचे, आराम करा. तळेगावहून भाऊ कैलास आला, तोही म्हणाला. त्या आरामासाठी लीलानं घर बंद करून टाकलं होतं. टीव्हीवर कापड घातलं. मिक्सर लावायची नाही, खलबत्ता अंगणात नेऊन कुटायची. शेजारच्या पोरांना बोळीत खेळू देईना. खिडकीवर जुनी साडी बांधली. त्या साडीतून येणाऱ्या पिवळट उजेडात रूपराव दिवसभर खाटेवर पडून असायचा. झोप म्हणावी तर बाहेर कोणाची तरी सायकल गेलेली ऐकू यायची, जाग म्हणावी तर कोणाची ते कळायचं नाही. आणि खरी झोपायची वेळ झाली की डोळे असे उघडत, जणू आतून कोणी पडदा ओढला. लीलाचा श्वास ऐकत तो पडून राही. अंग इतकं थकलेलं की कूस बदलवत नाही, आणि डोकं मात्र चालू इंजिनासारखं, गाडी उभी असताना उगाच चालू ठेवलेल्या. कशाचा विचार तो करायचा असं नाही. विचार असता तर बरं झालं असतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिलं, रक्ताचे आकडे पाहिले आणि मग विचारलं, झोप कशी आहे. मोहिनीपेक्षा थोडी मोठी असेल ती. रूपराव म्हणाला की झोपूनच असतो. लीला सहसा दवाखान्यात बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "बाई, हे झोपून राह्यते, पण झोपत नाई."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. मग ती बरंच काही विचारत गेली. दिवसा किती पडता, गोळ्या कधी घेता, बाहेर कधी जाता. गोळ्या तो संध्याकाळी जेवणावर घेत होता. त्या सकाळी घ्यायच्या, त्या गोळ्यांमुळं डोळा उघडा राहतो, असं तिनं सांगितलं. दिवसा खाट उभी करून ठेवायची. आणि रोज चालायचं. रूपरावला वाटलं ती दुसऱ्या कोणा पेशंटबद्दल बोलते आहे. संडासापर्यंत जाऊन आलं तरी मले बसावं लागते, तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "औषधानं थकवा येतो. पण पडून पडूनही एक थकवा येतो, आणि त्यानं झोप येत नाही. हळूहळू चाला. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी अंगणातल्या अंगणात. ताप असला तर मात्र नाही. आणि बंद बूट घाला, खाली पाहून चाला."

तेव्हा त्यानं पायाचं विचारलं. विचारायचं होतं ते असं, की ब्रेकवर पाय आहे की नाही हे पायाला पुन्हा कळेल का. पण त्यानं विचारलं, हे जाईन का. औषध थांबल्यावर बऱ्याच जणांचं कमी होतं, वेळ लागतो, काहींचं थोडं राहतं, असं ती म्हणाली. आपण कोणत्यातले हे त्यानं विचारलं नाही. तिलाही ते माहीत नसणार.

मोहिनीच्या नवऱ्यानं पांढरे कॅनव्हासचे बूट आणून दिले. आयुष्यभर चपलेत गेलेल्या माणसाच्या पायात ते शाळेतल्या कवायतीच्या बुटांसारखे दिसत. आणि नाडी बांधायची तर बोटांना नाडी सापडेना. शर्टाची बटणं लीला आधीच लावून देत होती, पण ते घरात. आता ती ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत उकिडवी बसून त्याच्या बुटांच्या गाठी मारू लागली. पहिल्या दिवशी रूपराव मान वळवून भिंतीकडं पाहत राहिला. लाज वाटायला हवी होती. आतली लाजेची जागा त्याला माहीत होती, आणि ती रिकामी होती. मग ते निघाले. बाजार समितीच्या रस्त्यानं, कारण तो रुंद. कापसाचा हंगाम होता. बैलबंड्या आणि टेम्पो रांगेत उभे असत, रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकलेला असे, आणि सकाळच्या थंडीत गाडीवाले कानाला मफलर बांधून चहा पीत. लीला त्याच्यामागं दोन हात अंतर ठेवून चालू लागली, लग्नात चालली तशी, बाजाराला चालते तशी. पण मागून तिला त्याच्या पुढचा रस्ता दिसेना. थोड्या अंतरावर ती बाजूला आली. मग म्हणू लागली, दगड हाय. खड्डा हाय. इकडून घ्या. तो तिच्या शब्दावर पाय टाकत गेला. समितीच्या फाटकापर्यंतही पोहोचले नाहीत. तो रस्त्यातल्या एका पुलियाच्या कठड्यावर बसला, आणि हृदय कानात वाजत होतं, आणि त्याला वाटलं, हे कशासाठी. ही बाई मला कुठं नेते आहे.

लोकांनाही तेच वाटे. कुठी चालले रूपराव, लोक विचारायचे. गावात माणूस चालतो ते कुठंतरी जायला. आजारी माणूस चालला तर दवाखान्यात, नाहीतर देवाला. रूपराव लीलाकडं पाहायचा. लीला आधी खोटं सांगायची, भाजीले, दळनाले. एक दिवस कैलासच्या सासऱ्यांनी, वासुदेवरावांनी, अडवून विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "कुठीच नाई, मामाजी. चालून राह्यलो." वासुदेवराव बरं, जाजो म्हणाले, आणि निघून गेले. तिचं ते उत्तर रूपरावच्या कानात दिवसभर राहिलं. तो आजवर जितका चालला, म्हणजे जितका गाडीनं चालला, तो सगळा कुठून कुठं हे पाटीवर लिहून. आर्वी–पुलगाव. आर्वी–वर्धा. पाटी नसलेली गाडी डेपोतून निघत नाही. असं पाटी काढून निघालेलं कोणी त्यानं पाहिलं नव्हतं.

डोसानंतरचे दिवस वाईट जायचे. तोंडात लोखंडाची चव, जेवणाचं ताट तसंच परत जायचं. त्या दिवसांत ते अंगणात विहिरीपासून तुळशीपर्यंत जात आणि परत येत. एकदा तो मध्येच थांबला आणि म्हणाला की आता बस, मले हे नाई पायजे, ना चालनं ना सलाईन, तू जा घरात. रागानं नाही म्हणाला. राग आला असता तर लीला भांडली असती. पैसे देऊन झाल्यावर दुकानातून निघावं तसं तो म्हणाला. लीला तिथंच उभी राहिली. तिनं समजावलं नाही, रडलीही नाही. तिनं एवढंच विचारलं की मंग मी दिवसभर काय करू. हे त्याला खरोखरच सुचलं नव्हतं. तिनं दिवसभर काय करायचं. त्याच्या आजारात तिचा टीव्ही गेला होता, शेजारणीशी गप्पा गेल्या होत्या, खलबत्ता अंगणात गेला होता. चालणं हे तिला सापडलेलं एकच काम होतं. तो पुन्हा विहिरीकडं वळला. तिच्यासाठी वळला असंही नाही. उभं राहण्यापेक्षा ते सोपं होतं.

झोप एकदम आली नाही. खाट दिवसा भिंतीला उभी असायची, म्हणून त्याला खुर्चीवर बसून राहावं लागे, पेपर वाचावा लागे, आणि संध्याकाळपर्यंत मान लवायची. लीलानं खिडकीवरची साडी सोडली. टीव्ही पुन्हा लावला, कारण त्यानंच लाव म्हटलं. मग एका पहाटे दूधवाल्यानं कडी वाजवली आणि रूपरावला कळलं की कडी वाजल्यानं आपण जागे झालो, म्हणजे त्याआधी आपण कुठंतरी गेलो होतो. किती वेळ ते त्याला सांगता येईना. स्वप्न नव्हतं. जिभेवर कोरडेपणा होता, उशीवर लाळ सांडली होती. त्यानं ती लाळ बोटानं पुसली. पुढं असं अधूनमधून होऊ लागलं. तुकडे तुकडे. मध्येच दोनचार दिवस काही नाही, मग पुन्हा एक मोठा तुकडा. समितीच्या फाटकापर्यंत ते जाऊ लागले, मग फाटकापलीकडच्या कापसाच्या जिनिंगपर्यंत. लीलाचं दगड हाय, खड्डा हाय कमी झालं, कारण तो रस्ता आता दोघांना पाठ झाला होता. त्याऐवजी ती इतर बोलू लागली, मोहिनीचं, तिच्या सासूचं, वांग्याच्या भावाचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो घरी असायचा तेव्हा झोपलेला असायचा, त्यामुळं यातलं बरंच त्याला नवीन होतं.

उन्हाळ्यात औषध संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाली की गाठी दिसत नाहीत, काही महिन्यांनी दाखवत जा. मोहिनी दवाखान्याच्या जिन्यात रडली. रूपराव तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, आणि हाताखाली तिची पाठ हलते आहे हे हाताला कळत होतं, थोडं, जाड गोधडीतून कळावं तसं. हात सुधारत होते. पाय मात्र सुधारत नव्हते.

ड्युटीवर जायच्या आधी डॉक्टरी तपासणी असते. डोळे, कान, रक्तदाब. पाय कोणी पाहत नाही. हे चंद्रभाननंच त्याला सांगितलं, आणि हेही सांगितलं, "पायाचं सांगूच नोका भाऊ. स्टेअरिंगवर बसले का पायाले आपोआप याद येईन." त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. त्याला भाऊ परत पाहिजे होता. एका दुपारी वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या आवारात दुरुस्तीला आलेली एक जुनी गाडी उभी होती, तिथं चंद्रभाननं त्याला नेलं. मेकॅनिक ओळखीचे, कोणी हरकत घेतली नाही. रूपराव वर चढला. सीटला त्याच तेलाचा आणि तापलेल्या रेक्झिनचा वास होता. त्यानं बूट काढले. स्टार्टर, क्लच, पहिला गिअर. गाडी हलली. चंद्रभान दारात दांडा धरून उभा. आवाराला एक फेरा झाला, रूपरावनं ब्रेक दाबला, गाडी थांबली. अगदी नेहमीसारखी. चंद्रभान म्हणाला, पाहा. रूपरावच्या मनात पहिल्यांदा काहीतरी हललं, आनंद म्हणता येईल असं, आणि त्यानं दुसरा फेरा घेतला. कोपऱ्यावर एक मेकॅनिक टायर लोटत मध्ये आला. पुष्कळ लांब होता तो, घाई काही नव्हती. रूपरावनं ब्रेक दाबला आणि इंजिन गरजलं. त्यानं खाली पाहिलं. पाय ॲक्सिलरेटरवर होता. त्यानं तो उचलून, डोळ्यांनी नेऊन ब्रेकवर ठेवला, दाबला, गाडी थांबली. टायरवाला हात हलवून पुढं निघून गेला. चंद्रभान हसला. भाऊंनी खुशीत येऊन रेस दिली असं त्याला वाटलं. तो दारातून आत येऊन म्हणाला की सांगतलं नव्हतं का मी.

रूपरावनं चावी फिरवली. इंजिन बंद झाल्यावर आवारात एकदम शांत वाटलं. चंद्रभानला काहीच दिसलं नव्हतं. तपासणीच्या डॉक्टरलाही दिसणार नव्हतं. हे फक्त त्यालाच माहीत होतं, आणि त्यालाही पायानं सांगितलं नव्हतं, आवाजानं सांगितलं होतं. त्यानं वरच्या आरशात पाहिलं. मागं रिकाम्या सीटा होत्या. त्या भरलेल्या कशा दिसतात हे त्याला ठाऊक होतं, आरशात, इतकी वर्षं: डुलक्या घेणारी तोंडं, खिडकीला टेकलेली डोकी, आईच्या मांडीवर आडवी पोरं. लोक गाडीत चढले की थोड्या वेळात झोपतात. त्यांना कोणी ड्रायव्हरवर विश्वास ठेवा म्हणून सांगत नाही. आरशात त्यांच्याकडं पाहताना त्याला कधी काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटलं, पण ते काय होतं याला त्याच्याकडं शब्द नव्हता. "चंद्रभान," तो म्हणाला, "माह्या पायाले समजत नाई." चंद्रभाननं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि बूट उचलून त्याच्या पायाशी आणून ठेवले.

डेपो मॅनेजरला त्यानं त्याच दिवशी सांगितलं. मॅनेजरनी हातातलं पेपरवेट टेबलावर ठेवलं. मग म्हणाले की तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. रूपराव म्हणाला, हो. वर विचारून हलकं काम पाहू, तोवर कंट्रोलच्या खोलीत बसा, गाड्या पुकारा, असं काहीतरी ठरलं. घरी आल्यावर त्यानं लीलाला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिनं विचारलं नाही की काऊन. परातीतून हात न काढता म्हणाली की मंग आता तुमी रोज घरी येसान. तो हो म्हणाला. रोज घरी येणाऱ्या माणसाचा दिवस कसा असतो याची त्याला कल्पना करता येईना.

कामावर रुजू व्हायच्या आधी कैलासकडं जाऊन यावं म्हणून ते तळेगावच्या गाडीत बसले. कंडक्टर चंद्रभानच होता, ड्रायव्हर नवीन, कोवळा पोरगा. रूपरावला खिडकी मिळाली. दुसऱ्याच्या गाडीत बसणं त्याला कधी जमलं नव्हतं. वळण आलं की त्याचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जायचा, समोरून ट्रक आला की पुन्हा, आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत पोटरी दुखायची; लीला त्याला नेहमी हसायची. आर्वी सुटली. पहिल्या वळणाला पोरानं गिअर उशिरा बदलला आणि रूपरावचा पाय दाबला गेला. दुसऱ्या वळणालाही गेला असावा. त्याला कळलं नाही. बाहेर वखरून ठेवलेली काळी वावरं होती, ऊन होतं, शेताच्या धुऱ्यावर पळस. लीला बाजूला मोहिनीच्या सासूचं काहीतरी सांगत होती. पोरगा बरा चालवतो, असं त्याच्या मनात आलं. मग पोरगाही मनातून गेला.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. आत कोणी नव्हतं. पुढच्या काचेतून तळेगावचा स्टँड दिसत होता, आणि खाली झाडाच्या सावलीत चंद्रभान आणि तो पोरगा चहा पीत उभे होते. रूपरावचं डोकं लीलाच्या खांद्यावर होतं, भरदिवसा, स्टँडवर. ती पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली होती, खांदा हलू न देता.

"कुठी आलो?"

"तळेगाव."

"लोक?"

"उतरले कवाचेच."

"उठवलं काऊन नाई तू?"

"काऊन उठवू?" ती म्हणाली. "झोपले होते तुमी."

त्यानं डोकं उचललं आणि मानेतून खांद्यापर्यंत कळ गेली. मान अवघडली होती. तो थांबला. कळ गेली नाही, तिथंच राहिली, नीट, स्वच्छ, त्याची स्वतःची. लीलानं विचारलं, काय झालं, आणि तिचा हात मानेकडं आला.

"मान दुखून राह्यली," रूपराव म्हणाला. "राहू दे. चोळू नोको थोडा वेळ."